कॉर्न स्नेकने खाल्लेला उंदीर दोनदा बाहेर टाकला – पाळीव सापांच्या पोटाच्या तक्रारींबद्दल मदत हवी आहे

निळीशाई

आमच्याकडे लेकीचा कॉर्न स्नेक (पाळला जाणारा एक बिनविषारी साप) आहे. मादी, वय दोन वर्षं, वजन १९० ग्रॅम. आम्ही राहतो शिकागोच्या उपनगरात. आजवर हिने खाण्याला कधी नाही म्हटलेलं नाही. या महिन्यात मात्र लागोपाठ दोनदा खाल्लेला उंदीर बाहेर टाकला. पहिला उंदीर तिसऱ्या दिवशी आला. अर्धवट विरघळलेला, केस सुटलेले, राखाडी लगदा, आणि वास इतका भयंकर की बाहेर उणे पंधरा असूनही खिडकी उघडावी लागली. ती उपाशी राहील म्हणून आठवड्याच्या आत दुसरा दिला, तो दुसऱ्याच दिवशी बाहेर. हा जवळजवळ अख्खा होता, फक्त ओला आणि लांबुळका झालेला.

उंदीर फ्रोझन आणतो, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून वितळवतो, मग पिशवीसकट गरम पाण्यात बुडवून देतो. यावेळच्या पाकिटातले उंदीर जरा थोराड होते, साधारण तिशी ग्रॅमचे. साप एरवी ठीक दिसते आहे. तोंडाला फेस नाही, श्वासाला आवाज नाही, जीभ लवलवते आहे. लेक सारखी विचारते आहे, आता तिला काय द्यायचं? आमचा नेहमीचा व्हेट सापाला हात लावत नाही म्हणाला.

दगडफूल

निळीशाई, आत्ता काहीच देऊ नका. पाण्याचं भांडं स्वच्छ भरून ठेवा आणि तिला हातात घेणंही बंद करा. लेकीला सांगा, दोन आठवडे तिला नुसतं बघायचं.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात) आणि कॉर्न पाळते आहे. सापाने ओकलं की माणसाचा पहिला विचार हाच येतो, बिचारी उपाशी आहे, पटकन काहीतरी पोटात जाऊ दे. तिथेच गाडी घसरते. पोटातला आम्ल अन्ननलिकेतून वर आलेला असतो, आतलं अस्तर सोललेलं असतं, पाचकरस आणि पाणी दोन्ही वाया गेलेलं असतं. त्यावर लगेच दुसरा उंदीर गेला की तोही बाहेर येतो, आणि दर खेपेला साप आणखी खंगतो. निरोगी कॉर्नला दोन आठवड्यांच्या उपाशीपोटाने काही होत नाही, लागोपाठच्या उलट्यांनी मात्र होतं.

आता मला सांगा, टँकच्या उबदार बाजूला तापमान किती आहे? थर्मोस्टॅटवर लावलेला आकडा नको. साप जिथे बसते तिथल्या पृष्ठभागाचा हवा.

टाकळा

मी पुण्यात पशुवैद्य आहे, एक्झॉटिक प्राणी बघतो. न तपासता औषध सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

दगडफूल यांनी विचारलेला तापमानाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या पोटात अन्न गेलं की शरीर स्वतःच्या उष्णतेवर ते पचवतं. सापाला ती उष्णता बाहेरून घ्यावी लागते. पोट गार असेल तर पाचकरस नीट काम करत नाहीत, उंदीर मात्र आतल्या जिवाणूंमुळे सडायला लागतो. सडलेलं पोटात ठेवण्यापेक्षा बाहेर टाकणं सापाच्या दृष्टीने शहाणपणाचं असतं. तुम्ही वर्णन केलेला तो वासाचा लगदा म्हणजे नेमकं हेच. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २९ ते ३१ सेल्सिअस आणि गार बाजूला २३-२४ लागतं. बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३.

दुसरं, भक्ष्याचा आकार. १९० ग्रॅमच्या सापाला तीस ग्रॅमचा उंदीर म्हणजे वजनाच्या सोळा टक्के. पिल्लांना वजनाच्या दहा-पंधरा टक्के चालतं, या वयात दहाच्या आसपास बरं. डोळ्याने बघायचं तर सापाचा अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, उंदीर तेवढा किंवा किंचित जाड.

तिसरं, खाल्ल्यावर ४८ तासांत हाताळणं. चौथं, पाणी कमी पडणं. ही चार कारणं निस्तरली आणि तरी उलटी झाली तर जंत, जिवाणूंचा संसर्ग, क्रिप्टो (जठरातला एक परजीवी) वगैरे शोधायचं. दोनदा उलटी झालीच आहे, तेव्हा शी तपासून घ्याच. आता उपास असल्यामुळे लगेच मिळणार नाही. होईल तेव्हा ताजी शी झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची (फ्रीझरमध्ये नाही) आणि २४ तासांच्या आत पोचवायची. डॉक्टर शोधायला असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स यांच्या संकेतस्थळावर राज्यानुसार यादी आहे.

कमळकाकडी

मला सापातलं काही कळत नाही, पण आमच्याकडे मांजराचं पोट बिघडलं की चमचाभर पातळ ताक देतो. सापाला पोटातले चांगले जिवाणू परत मिळायला दही-ताक चालेल का?

टाकळा

कमळकाकडी, नको. दुधातली साखर पचवायची सोय सापाच्या पोटात नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी प्रोबायोटिक पावडर मिळतात, त्या वितळवलेल्या उंदरावर भुरभुरतात, पण त्याही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आणि पिचकारीने तोंडात काही ओतायचं नाही. सापाची श्वासनलिका जिभेच्या अगदी मागेच उघडते. ओतलेलं सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

वारणाकाठ

दुधाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी सांगली जिल्ह्यात साप सोडवायचं काम करतो. नागपंचमीला गारुड्यांकडून सोडवलेले नाग बघितलेत. आधी कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेले असतात, म्हणून समोर ठेवलेली वाटी तहानेपोटी पितात, आणि लोक म्हणतात नागोबा दूध प्यायला. काहींचे दात उपटलेले, काहींचं तोंड शिवलेलं. तोंडात बळेच ओतलेलं दूध फुप्फुसात गेलेला नाग फार हाल होऊन मरतो. आमच्याकडे आलेले बरेच वाचत नाहीत. घरात कोणी दुधाची वाटी ठेवत असेल तर त्यांना प्रेमाने समजवा. सापाला साधं पाणी पुरतं.

आणि उलटीबद्दल माझा अनुभव. घरात शिरलेली धामण पकडताना तिने नुकताच उंदीर किंवा बेडूक गिळला असेल तर ती बहुतेक वेळा ओकून टाकते. भरल्या पोटाने पळता येत नाही, म्हणून आधी ओझं टाकते. म्हणून फुगलेल्या पोटाचा साप दिसला की आम्ही घाई करत नाही. घरच्यांना लांब ठेवतो, वाट करून देतो, अगदीच गरज असेल तर पिशवीत अलगद घेतो. तुमच्या लेकीच्या सापालाही खाल्ल्यावर कोणी उचललं, टँक हलवला, शेजारी कुत्रं भुंकत बसलं, तर ती असंच करू शकते.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दगडफूलताई, इन्फ्रारेड गन आणली आणि मोजलं. थर्मोस्टॅटवर ३० लावलेलं आहे, तो चालूही आहे, पण उबदार कोपऱ्यात भुश्श्यावर २४ आलं! पहाटे मोजलं तर २१. गार बाजूला १८. रात्री घराचं हीटिंग ६२ फॅरनहाइटवर उतरतं आणि टँक खिडकीच्या भिंतीला लागून आहे. हीट मॅट टँकच्या खाली आहे, सेन्सर मॅट आणि काच यांच्यामध्ये. हिवाळा आला म्हणून लेकीने अॅस्पेनचा भुस्सा चांगला तीन-चार इंच भरला होता, तिला बिळात शिरायला आवडतं म्हणून.

दगडफूल

सापडलं. सेन्सर मॅटला चिकटलेला आहे, म्हणून तो ३० बघतो आणि हीटर बंद करतो. वर मात्र भुश्श्याची जाड गादी, उष्णता वर पोचतच नाही. उलट दिशेची चूक करू नका हं, थर्मोस्टॅट ४० वर नेला तर वर ऊब येईल पण साप भुस्सा उकरून काचेपर्यंत गेली की पोट भाजेल. उबदार बाजूला भुस्सा एक-दीड इंचावर आणा, सेन्सर काचेवर आतून घट्ट बसवा आणि काचेवर ३१ ठेवा. टँक खिडकीपासून हलवा. शक्य असेल तर वरून उष्णता देणारा सिरॅमिक हीटर जाळीच्या पिंजऱ्यात बसवून थर्मोस्टॅटला जोडा, त्याने हवाही उबदार होते. मॅटने हवा तापत नाही, आणि शिकागोच्या जानेवारीत तोच फरक पडतो.

आणि लपायची जागा दोन्ही बाजूंना हवी. लपायला फक्त गार बाजूला गुहा असेल तर घाबरलेला साप पोटाची ऊब सोडून तिथे जाऊन बसतो.

पाणकणीस

मी प्राणिशास्त्र शिकवतो. तापमानाला इतकं महत्त्व का, त्याची आतली बाजू सांगतो, कारण ती खरंच थक्क करणारी आहे.

अजगर दोन जेवणांमध्ये आठवडे किंवा महिने उपाशी असतो. एवढा काळ पचनसंस्था तयारीत ठेवणं महागात पडतं, म्हणून तो ती जवळजवळ मिटून ठेवतो. आतडं बारीक होतं, जठरातलं आम्ल बनणं थांबतं, जठराचा पीएच सातच्या आसपास असतो, म्हणजे पाण्यासारखा. उंदीर आत गेला की एका दिवसात तो पीएच दीड-दोनवर येतो, म्हणजे तीव्र आम्ल. लहान आतड्याचं वजन दुप्पट होतं. बर्मी अजगरावर १९९० च्या दशकात स्टीफन सिकोर आणि जॅरेड डायमंड यांनी केलेलं काम प्रसिद्ध आहे. फार मोठं भक्ष्य गिळलेल्या अजगराचा ऑक्सिजनचा खप विश्रांतीच्या चाळीस पटींपर्यंत चढतो. धावणाऱ्या घोड्याशी तुलना करावी असा हा आकडा, आणि साप मात्र गुंडाळी करून निवांत पडलेला असतो. ३० अंशांना अजगराच्या पोटातला उंदीर पाच-सहा दिवसांत जवळपास नाहीसा होतो.

कॉर्न स्नेक वरचेवर खाणारा साप आहे, त्याच्यात ही उघडझाप इतकी टोकाची नाही, पण तत्त्व तेच. हा सगळा कारखाना उष्णतेवर चालतो. २१ अंशांना तो फार मंदावतो. म्हणून थंडीत जंगली साप खाणं सोडतात. पोट भरून गारठ्यात सापडणं त्यांच्यासाठी जीवघेणं असतं.

काळवेळ

मला एक गोष्ट खटकते. मुळात साप पाळावाच का? त्याला प्रेम कळत नाही, एका पेटीत आयुष्य जातं. या त्रासाचं मूळ पाळण्यातच आहे असं मला वाटतं. आणि भारतातही आता लोक अजगर पाळायला लागले आहेत.

टाकळा

काळवेळ, प्रश्न रास्त आहे. भारतापुरतं स्पष्ट सांगतो. नाग, धामण, मांडूळ, भारतीय अजगर, कुठलाही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मांडूळ घेऊन कोणी दवाखान्यात आलं तर मी आधी वन विभागाला कळवायला सांगतो. बॉल पायथनसारख्या साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने घेऊच नये.

पण जो साप आधीच कोणाच्या तरी घरात आहे, पिंजऱ्यात जन्मलेला आहे, त्याला जंगलात सोडता येत नाही. त्याची नीट काळजी घेणं एवढंच हातात राहतं. ही मुलगी ते करते आहे.

निळीशाई

काळवेळ, तुमचा मुद्दा मी लेकीशी बोलले. ती बारा वर्षांची आहे. तिने वहीत रोज तापमान लिहायला सुरुवात केली आहे, सकाळ आणि रात्र, दोन्ही कोपरे. टँक आतल्या भिंतीला हलवला, भुस्सा कमी केला, सिरॅमिक हीटर लावला. आता उबदार बाजू ३०, गार बाजू २४ धरून आहे. एक शंका, घरात चार वर्षांचा धाकटा आहे. उलटी साफ करताना वगैरे काही धोका?

दगडफूल

हो, साल्मोनेला, पोट बिघडवणारा जिवाणू. निरोगी सापाच्या शीतही असू शकतो, उलटीतही. पाच वर्षांखालच्या मुलांनी सापाला आणि टँकमधल्या वस्तूंना हात लावू नये असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. उंदीर वितळवायला वेगळा डबा, त्यावर ठळक नाव. हातमोजे घाला, आणि काढल्यावरही साबणाने हात धुवा.

निळीशाई

दोन आठवडे पूर्ण झाल्यावर नऊ ग्रॅमचा हॉपर (उंदराचं लहान पिल्लू) दिला. लेक दाराबाहेर बसून होती, आत गेली नाही, टँकवर चादर टाकलेली. पाच दिवस झाले, काही बाहेर आलेलं नाही! आज सकाळी शी पण झाली. गडद तपकिरी, घट्ट, शेजारी पांढरा खडूसारखा भाग. नमुना डॉक्टरांकडे पोचवला. टाकळा यांनी सांगितलेल्या यादीतून तासाभराच्या अंतरावर एक डॉक्टर मिळाल्या, त्यांनी वजन केलं, पोटावरून बोटं फिरवून बघितलं, मधे कुठे गाठ नाही म्हणाल्या.

टाकळा

उत्तम. तो पांढरा भाग म्हणजे युरेट, सापाची लघवीच ती, घट्ट स्वरूपात. पांढरा किंवा फिकट पिवळसर चालतो. हिरवट किंवा वाळूसारखा कडक दिसला तर पाणी कमी पडतंय किंवा मूत्रपिंडाकडे बघावं लागेल.

पुढचं जेवण दहा दिवसांनी, याच आकाराचं. मग दोन-तीन जेवणांत हळूहळू वाढवत पंधरा-अठरा ग्रॅमवर या. थोराड उंदरांचं पाकीट बाजूला ठेवा, ती वाढली की वापरा.

डॉक्टरांनी मधे गाठ आहे का ते का बघितलं, ते सांगतो. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस नावाचा परजीवी सापाच्या जठराच्या अस्तरात घर करतो. अस्तर जाड होत जातं, शरीराच्या मध्यावर फुगवटा दिसतो, साप खातो आणि ओकतो, खातो आणि ओकतो, आणि वाळत जातो. यावर खात्रीचा इलाज आजही नाही. शीच्या एका नमुन्यात नाही आला म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण तो सतत बाहेर पडत नाही. पण तुमच्याकडे तापमानाचं कारण इतकं उघड आहे, आणि ते सुधारल्यावर जेवण टिकलं, की मी त्या दिशेने घाबरणार नाही. पुन्हा एकदा उलटी झाली तर मात्र पीसीआर तपासणी सांगा.

दगडफूल

माझाही एक प्रश्न विचारते, धागा चालू आहे तोवर. माझा बॉल पायथन नर दीड-दोन महिने शी करत नाहीये. खाल्लं मात्र दोनदा. मागचा भाग थोडा भरलेला लागतो. एरवी कात टाकली की करतो.

टाकळा

बॉल पायथनमध्ये महिना-दीड महिना जाणं नवं नाही. उबदार पाण्यात बसवून बघा. पाणी २८ ते ३० अंश, खोली फक्त अर्ध्या अंगापर्यंत, वीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी थांबायचं. वरून झाकण ठेवा पण हवा राहील असं. दोन-तीन दिवस करून बघा, आणि तोवर खायला देऊ नका. आर्द्रता साठच्या खाली असेल तर आधी तीच वाढवा, पाणी कमी पडलं की शी आतच कडक होते. पोट दाबून ढकलायचं अजिबात नाही. टणक गोळा हाताला लागला, शेपटीच्या मुळाशी सूज दिसली किंवा लालसर मांस बाहेर आलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. माणसांची जुलाबाची औषधं नकोत.

पाणकणीस

दगडफूल, एक गंमत वाटेल अशी गोष्ट. जड अंगाचे, दबा धरून बसणारे साप मुद्दामच शी धरून ठेवतात असा एक अभ्यास आहे. गॅबून व्हायपरने वर्षभराहून जास्त काळ धरल्याची नोंद आहे. झाडावर चढणारे साप मात्र काही दिवसांत मोकळे होतात. मागच्या भागातलं वजन जमिनीवरून झेप घ्यायला टेकू देत असावं, असा संशोधकांचा तर्क आहे. तुमचा पायथन आळशी आहे असं समजू नका.

दगडफूल

आर्द्रता मोजली, ४५ निघाली. सेंट्रल हीटिंगने हवा कोरडी केली होती. ओल्या स्फॅग्नम मॉसचा (शेवाळाचा) डबा ठेवला आणि आंघोळ घातली, दुसऱ्या दिवशी पाण्यातच काम झालं. भरपूर. आधी कडक, खडूसारखा गोळा आणि मग बाकी सगळं.

युकॅलिप्टस

मेलबर्नहून. आमच्याकडे परदेशी साप पाळायला बंदीच आहे, त्यामुळे लायसन्स काढून इथलाच चिल्ड्रन्स पायथन पाळलाय. त्याची उलटी नाही, पण नवीन दुसरा आणायचा विचार आहे. क्रिप्टोबद्दल वाचून धास्ती बसली. टँक ब्लीचने धुतला तर पुरेल?

टाकळा

क्रिप्टोसाठी ब्लीच पुरत नाही, त्याची अंडी त्याला दाद देत नाहीत. वाफ किंवा उकळतं पाणी चालतं, अमोनियाचं द्रावणही. पण ब्लीच आणि अमोनिया एकत्र कधीही नाही, विषारी वायू तयार होतो. पाण्याने पूर्ण धुऊन, वाळवून मगच दुसरं वापरायचं. लाकडी वस्तू आणि भुस्सा सरळ फेकून द्या.

नवीन साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत. त्याचे चिमटे, भांडी, हातमोजे वेगळे. रोजची कामं आधी जुन्याची, मग नव्याची. आणि त्या काळात शीच्या दोन-तीन तपासण्या, मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवून.

निळीशाई

तपासणीचा अहवाल आला. जंत नाहीत, क्रिप्टो या नमुन्यात नाही. डॉक्टरांनी दीड महिन्याने आणखी एक नमुना मागितला आहे. तिसरं जेवण काल झालं, चौदा ग्रॅम. वजन १८१ वर उतरलं होतं, आज जेवण धरून २०३. लेकीने टाकळा यांना विचारायला सांगितलंय, तिची कात टाकायची वेळ जवळ आली आहे, डोळे निळसर झालेत, तर पुढचं जेवण द्यायचं की थांबायचं?

टाकळा

थांबा. कात निघाली की तीन-चार दिवसांनी द्या. डोळे निळे असताना दिसत कमी असतं, ताण असतो, आणि नुकत्याच सावरलेल्या पोटावर घाई करायची गरज नाही. तेवढ्यात पाण्याचं भांडं तिला वेटोळं घालून बसता येईल एवढं मोठं ठेवा. कात निघाल्यावर बहुतेक शीही होईल, तीच दुसऱ्या तपासणीला पाठवा.